तेलाची बाटली उघडण्यापूर्वी
(मर्दन-प्रशिक्षण वर्गाच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



तुमच्यापैकी अनेकजण आता स्वतःचा व्यवसाय थाटतील. तेल कोणते, दाब किती, हे तुम्ही शिकलाच आहात. त्यात माझ्यासारखा पत्रकार काय भर घालणार? समोर आलेल्या माणसाशी तुम्ही काय बोलावे, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

तो माणूस म्हणतो, 'मानेची नस आखडली आहे.' आपण मराठी माणसे दुखेल त्या प्रत्येक गोष्टीला नस किंवा शीर म्हणून मोकळे होतो. पोटरीत गोळा आला तरी आपली शीरच चढते! वास्तविक आखडलेला असतो तो बहुधा स्नायू. ज्या देशात सुश्रुताने प्रेत पाण्यात ठेवून, थर सुटे करीत शरीर पाहण्याची पद्धत सांगितली, ५०० पेशी आणि ७०० सिरा वेगवेगळ्या मोजल्या, तेथील सुशिक्षित घरांत आज ही स्थिती आहे. सुश्रुताने ३०० अस्थी सांगितल्या, आजचे शास्त्र प्रौढ शरीरात २०६ मोजते. हा फरक अभिमानाच्या भरात झाकण्याचे कारण नाही. त्याची पाहण्याची शिस्त आपण घ्यावी.

दुसरे, 'मालिशने अंगातले विष निघून जाते' असे कृपा करून कोणाला सांगू नका. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. तुमच्या हाताने ताण सैल होतो, वेदना काही काळ कमी होते, झोप लागते. हे काय थोडे आहे?

आता एक घरची गोष्ट. माझे थोरले बंधू रात्रभर बसप्रवास करून परतले होते. एक पोटरी सुजलेली, गरम, दाबली की दुखणारी. दर रविवारी येणाऱ्या मालिशवाल्याने दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहिले आणि काढलेली बाटली पुन्हा पिशवीत ठेवली. 'दादा, याला मी हात लावणार नाही. आधी डॉक्टर.' वहिनी चिडल्या. एवढ्याशा सुजेसाठी रविवारी डॉक्टर कुठे शोधायचा? संध्याकाळी सोनोग्राफीत खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. या वेळी मात्र खरोखरच शीर होती! चोळताना गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती तर प्राणावर बेतले असते. त्या गृहस्थांनी त्या दिवशीचे पैसे मागितले नाहीत आणि आम्हीही दिले नाहीत. काम कुठे केले होते, असा आमचा हिशेब! त्याची लाज मला आजही वाटते.

'प्यासा' (१९५७) चित्रपटातील जॉनी वॉकरच्या चंपीवाल्यावर आपण मनसोक्त हसलो. पण मालिशवाल्यालाही काही ज्ञान असते, हे आपल्या मध्यमवर्गाच्या ध्यानात आले नाही.

वाग्भटाने अष्टांगहृदयात नित्य अभ्यंग सांगितला, विशेषतः मस्तक, कान आणि पायांना. आणि लगेच तो कोणी करू नये हेही सांगितले. कफाने ग्रासलेल्याने, अजीर्ण झालेल्याने, नुकतेच शोधन झालेल्याने. तुमची यादी आजची असेल. ताप आहे का? अलीकडे शस्त्रक्रिया झाली का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? दिवस गेले आहेत का? उत्तरे वहीत लिहा. दुखते कुठे, ते त्याला स्वतःच्या बोटाने दाखवू द्या. तिथे काय आहे, ते त्याला कळेल अशा मराठीत सांगा.

पहिल्या भेटीत याला दहा-पंधरा मिनिटे लागतील. त्या मिनिटांचे पैसे घ्या. हात न लावता परत पाठवलेत, तरीही घ्या.