वाचता येणारी मराठी : दिव्यांग वाचक, इंटरनेट आणि ग्रंथालय

अंध वाचक संगणक चालवतो तो कानाने आणि कीबोर्डने. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीला स्क्रीन रीडर म्हणतात. त्यांपैकी एनव्हीडीए ऑस्ट्रेलियातील मायकल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी घडवली. काम २००६ मध्ये सुरू झाले. ती मोफत आहे, मराठी बोलते आणि पेन ड्राइव्हवरूनही चालते. ‘एच’ दाबले की वाचक पानावरच्या पुढच्या शीर्षकावर पोहोचतो, ‘के’ दाबले की पुढच्या लिंकवर. मदतीला बसलेल्या ग्रंथपालाने मध्येच माउस हातात घेतला, की आपण पानावर कुठे आहोत हेच वाचकाला कळेनासे होते. ‘तिथे, त्या निळ्या बटणावर’ हे त्याच्या कामाचे नाही. बटणाचे नाव सांगितले की पुरते. पासवर्ड आणि ओटीपी वाचकानेच टाकावा. हेडफोन तर हवाच, नाहीतर त्याच्या बँकेचा तपशील सगळ्या वाचनकक्षाला ऐकू जातो.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानतो. त्यानंतरचा एक निकाल महत्त्वाचा आहे. केवायसीच्या कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावणे ॲसिड हल्ल्यातील पीडितांना शक्य नव्हते. त्यांच्या आणि एका अंध याचिकाकर्त्याच्या प्रकरणात ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

हक्क मिळाला, संगणक आला, स्क्रीन रीडर बसला. तरी मराठी वाचकाचे घोडे अडते ते मजकुरापाशी. मदतीचे खरे काम इथे आहे आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. नोकरभरतीची जाहिरात किंवा सोसायटीची नोटीस बऱ्याचदा कागद स्कॅन करून टाकलेली असते. डोळस माणसाला ती अक्षरे दिसतात. स्क्रीन रीडरच्या लेखी ते नुसते चित्र असते आणि तो गप्प बसतो. दुसरा अडथळा जुन्या फॉन्टचा. त्या पद्धतीत संगणकात साठतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरी रूप देतो. स्क्रीन रीडर रूप पाहत नाही, साठवलेले वाचतो, म्हणून कथेऐवजी कानावर अर्थहीन अक्षरे पडतात. अक्षरांना स्वतःचे संकेत देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही छापखान्यांतून निघालेली असंख्य मराठी पाने जुन्याच फॉन्टमध्ये आहेत, ही उणीव मराठी माणसांनीच भरून काढायची आहे.

उपाय ग्रंथालयाच्या आवाक्यातला आहे. स्कॅन केलेले पान ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीतून, काढावे आणि मग डोळ्यांनी तपासावे. ओसीआर ‘ख’चे ‘रव’ करतो, ‘घ’चा ‘ध’ करतो, रफार गाळतो. अर्जाच्या अंतिम तारखेतला एक आकडा चुकला, तर वाचकाची संधी जाते.

यावर ग्रंथपालांची हरकत ठरलेली असते: कॉपीराइटचे काय? कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेली दुरुस्ती पाहावी. कलम ५२(१)(यख), म्हणजे इंग्रजी प्रतीतील ‘झेडबी’, दिव्यांग व्यक्तींसाठी पुस्तक सुलभ स्वरूपात आणण्याची मुभा देते. अट इतकीच की नफा घेऊ नये आणि ती प्रत बाजारात जाणार नाही याची काळजी घ्यावी. मुभा असलेल्या संस्थांत शासनमान्य ग्रंथालयाचा स्पष्ट उल्लेख आहे. ग्रंथालयाच्या पाटीवरचा ‘शासनमान्य’ हा शब्द इथे उपयोगी पडतो! दुसरी हरकत मनुष्यबळाची, आणि ती खोटी नाही. लहान ग्रंथालयात सगळा भार एकाच माणसावर असतो. पण सुरुवात सगळ्या कपाटांपासून करायची नाही. वाचकाने मागितलेले पान आधी. काम दुबार होऊ नये म्हणून २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या सुलभ पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयात ते पुस्तक आहे का, हे पाहून घ्यावे. प्रशिक्षणासाठी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिबाधितांचे संसाधन केंद्र आहे.

आता इतर दिव्यांग वाचकांविषयी थोडक्यात. अनेक कर्णबधिरांची पहिली भाषा खुणांची असते आणि लेखी मराठी दुसरी. त्यांच्याशी मोठ्याने बोलून उपयोग नाही. समोर बसून लहान वाक्ये टाइप करावीत, व्हिडिओला कॅप्शन लावून द्यावे. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच क्षेत्रात आहे. हाताची हालचाल मर्यादित असलेल्यांसाठी विंडोजमध्ये ‘शिफ्ट’ पाच वेळा दाबून स्टिकी कीज सुरू होतात. मग दोन कळा एकदम दाबाव्या लागत नाहीत. वाचनकक्ष वरच्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल, तर निदान एक संगणक तळमजल्यावर, देवघेव विभागाजवळ असावा आणि त्याच्या टेबलाखाली व्हीलचेअर सहज शिरावी.