प्रत्येक ‘पित्त’ हे पित्त नसते
(वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पोटविकारांविषयी जालना एमआयडीसीतील कामगार-कुटुंबांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



छातीत जळजळले की आपण म्हणतो, ‘पित्त झाले.’ वस्तुतः ते जठरातील आम्ल असते. खरे पित्त यकृतात तयार होते, पित्ताशयात साठते आणि स्निग्ध पदार्थांच्या पचनास साहाय्य करते. शब्दांच्या या गोंधळापायी पित्ताशयातील खड्यांची वेदना कित्येकदा सोडा आणि थंड दुधावर निभावली जाते. वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या बाबतीत हा गैरसमज विशेष महागात पडतो.

शस्त्रक्रियेनंतर वजन झपाट्याने उतरते. त्या काळात पित्तातील कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढते. आहार अल्प झाल्याने पित्ताशयही पूर्ण रिकामे होत नाही. साचलेल्या दाट पाकात साखर बसावी, तसे त्या पित्तात खडे धरतात. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जठराच्या बायपासनंतर औषध न घेतलेल्या सुमारे ३२ टक्के रुग्णांना सहा महिन्यांत खडे झाले. अर्सोडिऑल हे औषध रोज ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत हे प्रमाण अवघे २ टक्के होते. म्हणून डॉक्टरांनी ते औषध दिले असल्यास, बरे वाटते म्हणून मध्येच सोडू नये.

खडे असणाऱ्या प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही. त्रास नसल्यास बहुधा केवळ लक्ष ठेवणे पुरते. परंतु जेवणानंतर किंवा मध्यरात्री उजव्या बरगडीखाली अथवा पोटाच्या वरच्या भागात कळ येणे, ती पाठीत वा उजव्या खांद्याकडे जाणे, अर्ध्या तासाहून अधिक टिकणे, सोबत मळमळ होणे, ही लक्षणे दिसताच सोनोग्राफी करून घ्यावी. थंडी वाजून ताप, डोळ्यांत पिवळेपणा, गडद लघवी किंवा तासन् तास न थांबणारी वेदना असेल, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

अर्थात, प्रत्येक त्रास खड्यांचाच नसतो. गोड खाल्ल्यावर थोड्याच वेळात धडधड, घाम, चक्कर आणि जुलाब होत असतील, तर अन्न आतड्यात फार वेगाने उतरत आहे असे समजावे. गोड टाळून थोडे थोडे, सावकाश जेवल्याने पुष्कळ आराम पडतो. तंबाखू आणि मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या यांनी जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो. पाळीच्या कामात अंगदुखीसाठी गोळी घेण्याची सवय असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. उलट्या थांबतच नसतील, तर जीवनसत्त्वांची कमतरता होऊन नसांना इजा पोहोचते. तेथेही विलंब नको.

एक कळकळीची विनंती. शस्त्रक्रियेचा कागद घरात जपून ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरांना दाखवा. बायपास झाला असेल, तर पित्तनलिकेत अडकलेला खडा तोंडावाटे दुर्बीण घालून काढण्याचा नेहमीचा मार्ग बदललेला असतो. ही माहिती वेळेवर मिळाली, तर मोलाचे तास वाचतात.

१९९० साली डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी मुंबईत दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. आज हा उपचार मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. उणीव असते ती पाठपुराव्याची. शस्त्रक्रियेसाठी कुटुंब कर्ज काढते. पुढील तपासणीसाठी मात्र एका दिवसाची मजुरी बुडविणे त्याला परवडत नाही. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात, हे किती घरांना ठाऊक आहे? दात्यांचे दान खाटेपाशी न थांबता त्या पुढच्या तपासणीपर्यंत पोहोचावे आणि आप्तांनी रुग्णाच्या ‘पित्ता’ची एकदा तरी शहानिशा करावी, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.