कामाची चिठ्ठी
(साक्षरता वर्गाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या भागातली कितीतरी माणसे आज कारखान्यात कामाला जातात. कुणी साखर कारखान्यावर आहे. कुणी एम.आय.डी.सी.त ठेकेदाराच्या हाताखाली आहे. यंत्र दुरुस्त करायचे, टाकी साफ करायची, उंचावर चढून पत्रे बसवायचे, ही कामे आपलीच माणसे करतात. त्यांच्या उपयोगाची एक गोष्ट आज सांगतो. ती म्हणजे कामाची चिठ्ठी. कारखान्यात तिला 'वर्क परमिट' म्हणतात.

ही चिठ्ठी कशाला हवी? घरचंच उदाहरण घ्या. विहिरीवरचा पंप बिघडला. बाप खाली उतरून पंप दुरुस्त करतो आहे. वर पोराने येऊन स्टार्टरचं बटण दाबलं. आता यात पोराचा काय दोष? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं!

चार माणसांच्या घरात असं होतं. कारखान्यात तर शेकडो माणसे आणि तीन पाळ्या. एकाचं काम दुसऱ्याला कळणार कसं? म्हणून चिठ्ठी लिहितात. काम कोणते, जागा कोणती, किती वाजेपर्यंत करायचे, वीज आणि गॅस कुणी बंद केला, हवा कुणी तपासली, हे सारे तिच्यात असते. शेवटी जबाबदार माणसाची सही असते. विषारी वायू असण्याचा धोका आहे अशा टाकीत उतरण्याआधी हवा तपासून लेखी दाखला द्यावा, असे १९४८ सालच्या कारखाना कायद्यातही सांगितले होते.

चिठ्ठी वेळेवर पोचली नाही तर काय होते? एक खरी हकिगत ऐका. ती दूरदेशची आहे. ब्रिटनच्या उत्तरेला स्कॉटलंड आहे. तिथल्या समुद्रात लोखंडी खांबांवर एक मोठा कारखाना उभा होता. त्याचे नाव पाइपर आल्फा. समुद्राच्या तळाखालून तिथे तेल आणि गॅस काढीत.

१९८८ सालच्या जुलै महिन्याची ६ तारीख होती. दिवसपाळीच्या लोकांनी एका पंपाचा सुरक्षेचा व्हॉल्व्ह तपासायला काढला. उघड्या तोंडावर झाकण बसवले. ते झाकण घट्ट नव्हते. संध्याकाळपर्यंत काम पुरे झाले नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला. आता पहिला पंप चालू करावा, असे रात्रपाळीला वाटले.

या पहिल्या पंपाच्या दोन चिठ्ठ्या होत्या. एक मोठ्या दुरुस्तीची. ती रात्रपाळीला माहीत होती. ती दुरुस्ती अजून सुरू झाली नव्हती, म्हणून पंप चालेल असा त्यांचा समज झाला. दुसरी चिठ्ठी व्हॉल्व्ह काढल्याची. ती गोष्ट त्यांना कळलीच नाही. पंप चालू केला. गॅस बाहेर आला आणि स्फोट झाला. त्या रात्री १६७ माणसे मेली.

मालकाचे तरी काय राहिले? कारखाना जळून समुद्रात कोसळला. त्या समुद्रातल्या तेलाचा सुमारे दहावा हिस्सा तिथून निघत असे. तोही थांबला. पुढे लॉर्ड कलन यांनी चौकशी केली. १९९० साली त्यांनी १०६ सूचना केल्या. चिठ्ठीची पद्धत तिथे नीट पाळली जात नव्हती, हे त्यांनी दाखवून दिले.

आता हीच चिठ्ठी पुष्कळ कारखान्यांत कागदाऐवजी कॉम्प्युटरवर आणि मोबाईलवर लिहितात. तिला डिजिटल परमिट म्हणतात. एका यंत्राच्या दोन चिठ्ठ्या असल्या तर त्या एकाच जागी दिसतात. शेजारी गॅसचे काम आणि वर वेल्डिंग असले तर ती आधीच इशारा देऊ शकते. पाळी बदलली तरी नव्या माणसाला सारे वाचता येते. वेळ संपली की आठवण होते.

यात मालकाचा खर्च होतो. मग तो का करतो? कारण फायदाही होतो. समजा, सकाळी २० मजूर एका सहीसाठी तासभर बसून राहिले. २० तास वाया गेले. ८ तासांचा दिवस धरला, तर अडीच माणसांची दिवसाची मजुरी फुकट गेली. असे रोज घडले तर हिशोब कुठे जाईल? डिजिटल चिठ्ठीत साहेबाला शोधत फिरावे लागत नाही. दुरुस्ती लवकर होते, यंत्र लवकर सुरू होते. कोणते यंत्र वारंवार बिघडते, हेही जुन्या नोंदींवरून कळते. आणि अपघात टळला तर माणूस वाचतो, कारखानाही चालू राहतो. मजुराचे आणि मालकाचे हित इथे एकच आहे.

पण एक ध्यानात ठेवा. मोबाईल स्वतः टाकीत उतरून हवा तपासत नाही. ते काम माणसानेच करायचे. आपण श्वास घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. बंद टाकीत तो फार कमी झाला तर माणूस हाक मारण्याआधीच खाली पडतो. ऑफिसात बसून कुणी 'तपासले' असे बटण दाबले, तर ती चिठ्ठी खोटी. 'आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं' असा तो कारभार.

आणि आपलंही काम आहे बरं का! कागदावर अंगठा उठवला काय आणि मोबाईलच्या काचेवर टेकवला काय, न वाचता केला तर दोन्ही सारखेच. तुम्ही आता वाचायला शिकलात. तेव्हा कामाला हात लावण्याआधी तीन गोष्टी वाचा. काम आणि जागा तीच आहे का? वीज, गॅस बंद केल्याची आणि हवा तपासल्याची नोंद आहे का? वेळ संपली तर नाही ना? चिठ्ठी इंग्रजीत असली तर सांगा, "साहेब, मराठीत वाचून दाखवा." त्यात लाज कसली? आणि चिठ्ठीच नसली तर टाकीत उतरू नका. आत गुदमरलेल्या सोबत्याला काढायलाही तसेच उडी मारू नका. आधी मदत बोलवा. असे धावून गेलेले कितीतरी जण स्वतःही मेले आहेत.

घरी गेल्यावर हे आपल्या मुलांना आणि भावांना सांगा. रोज संध्याकाळी घरचे माणूस धडधाकट परत यावे, यासाठीच ही चिठ्ठी आहे. ती वाचायला विसरू नका.