मिठीकाठची जागतिक सभा

शाळेंतील मुलें संयुक्त राष्ट्रांची लुटुपुटीची सभा भरवितात, तेव्हां विषय कोणता घ्यावा, असें मला विचारतात. युद्ध, अण्वस्त्रें हे विषय थोर खरे. पण त्यांवर मुलें वर्तमानपत्रच वाचून दाखवितात!

मी साकीनाक्याचा रहिवासी. विहार व पवई तलावांचें ओसंडलेलें पाणी घेऊन मिठी नदी येथूनच कुर्ल्याकडे जाते. समुद्राला भरती असली कीं तें पाणी माहीमच्या खाडींत नीट उतरत नाहीं. ता. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या गल्लींत कमरेइतकें पाणी होतें.

म्हणून मी विषय सुचवितों: हवामानबदलानें होणारी हानि कोणीं भरून द्यावी? त्यासाठीं निधि उभारण्याचें २०२२ सालीं शर्म-अल-शेखच्या परिषदेंत ठरलें. पैसे कोणीं, किती द्यावे, हा तंटा उरलाच. मालदीवची चिठ्ठी आलेल्याचें काम सोपें, त्यानें मागावें. खरी कसोटी भारताच्या प्रतिनिधीची. दरडोई धूर थोडा, एकूण धुरांत मात्र जगांत तिसरा!

गेल्या सभेंत भारताच्या वतीनें एक मुलगी उभी राहिली. “मिठींत कचरा आम्हींच टाकला,” ती म्हणाली, “पण समुद्र आम्हीं एकट्यांनीं चढविला नाहीं.” सभापतींनीं घंटा वाजविली, तरी ती खालीं बसेना.