शेजाऱ्याला वीज देताना

कुरआनातल्या ‘माऊन’ सूरेचं नावच शेजाऱ्याला सहज देता येणाऱ्या रोजच्या वस्तूंवरून आहे. जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर रायगडात बरेच दिवस वीज नव्हती. अशा वेळी जनरेटरही माऊनच. जरूर द्या. पण दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर शेजाऱ्याच्या सॉकेटमध्ये घालू नका. मेन स्विच चालू राहिला, तर वीज उलटी ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाते, तिथे तिचे ११ हजार व्होल्ट होऊ शकतात आणि तारा जोडायला खांबावर चढलेला वायरमन जिवानिशी जातो. त्यापेक्षा अर्थिंगची तीन तारांची जाड एक्स्टेंशन घ्या, पूर्ण उलगडा, फ्रिज थेट तिलाच जोडा. पावसात जोड उंचावर, कोरडा ठेवा. आणि जनरेटर पडवीत नको, बाहेर उघड्यावर, खिडक्यांपासून लांब, आडोशाखाली. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. दोन्ही घरांचे फ्रिज एकदम सुरू करू नका. इस्त्री तर राहूच द्या.