चिनी गोळ्या आणि एक राहिलेली तपासणी



मागच्या कार्यक्रमानंतर आम्हाला एका वहिनींचा फोन आला. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. त्यांची सोनोग्राफी दोनदा झाली, रक्त तपासलं, उपासतापास झाले. नवऱ्याची मात्र एकही तपासणी नाही. आता कुणीतरी मोबाइलवर चिनी गोळ्या दाखवल्यात. "यांच्या चहात घालून देऊ का?" असं त्या विचारत होत्या.

चिनी वैद्यकात मूत्रपिंड हे पुरुषाच्या बीजाचं घर मानतात. बीज दुबळं म्हणजे ते घर दुबळं. त्यासाठी पाच बियाफळांचं जुनं औषध आहे. त्यात गोजी, रासबेरी, अमरवेलीचं बी, इसबगोलाच्या जातीतलं एक बी आणि पाच चवींचं म्हणतात ते फळ असतं. तिथला वैद्य नाडी आणि जीभ बघून माणसागणिक औषध बदलतो. मोबाइलवरची डबी कुणाची नाडी बघते? या औषधांवर अभ्यास झालेत, पण बरेचसे लहान आणि कच्चे. त्यामुळे मूल होईलच असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

आणि झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक, असं तर मुळीच नाही. चीनमध्येच काही खेड्यांत सरकीचं कच्चं तेल खाणाऱ्या घरांत मुलं होईनात. त्या तेलातलं गॉसिपॉल पुरुषाचं बीज थांबवत होतं. मग १९७०च्या दशकात पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तेच हजारो जणांना देऊन पाहिलं. काहींच्या रक्तातलं पोटॅशियम घसरलं, काहींचं बीज परत आलंच नाही. (आपल्या दुकानातल्या रिफाइंड सरकी तेलाला घाबरू नका, शुद्ध करताना गॉसिपॉल निघून जातं.)

म्हणून आधी वीर्याची तपासणी. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा. दोष निघाला तर पुन्हा तपासायचं, एका रिपोर्टवर निकाल लावायचा नाही. कुणाच्या अंडकोषाच्या शिरा फुगलेल्या असतात, कुणाची नळी बंद असते. बंद नळी गोळीनं कशी उघडणार? मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. वांझ मात्र बाईलाच म्हणतात.

चहातून चोरून काही देऊ नका, असं आम्ही वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण यांना तपासायला चला म्हणायचं कुणी?" बराच वेळ बोलणं झालं. शेवटी, थोरल्या दिरांच्या कानावर घालते म्हणाल्या. पुढच्या मंगळवारी त्या परत फोन करणार आहेत.