सार्वजनिक वाय-फाय आणि इंटरनेटवरचे संभाषण

इंटरनेटवरून बोलताना आवाजाचे बारीक तुकडे होतात. प्रचलित पद्धतीत २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटात मावतो, म्हणजे प्रत्येक दिशेने सेकंदाला ५० पॅकेटे निघतात. आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या पद्धतीला कोडेक म्हणतात. जी.७११ या जुन्या कोडेकमध्ये आवाजासाठी सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. पत्ता, क्रमांक आणि वेळेची नोंद धरून ते ८० होतात. २०१२ मध्ये प्रमाणित झालेला ऑपस हा कोडेक याहून बऱ्याच कमी किलोबिटांत चांगला आवाज देतो. व्हिडिओच्या मानाने ही गरज किरकोळ आहे. पण व्हिडिओ काही सेकंद आधी साठवून ठेवता येतो; अजून उच्चारलेच नाही ते वाक्य साठवता येत नाही. म्हणून संभाषणाला मोठ्या वेगापेक्षा नियमितपणा हवा असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. तो फार वाढला की दोघे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात.

सार्वजनिक वाय-फायवर हा नियमितपणाच टिकत नाही. एका चॅनेलवर एका वेळी साधारणपणे एकच उपकरण बोलू शकते. बाकीच्यांनी लहरी मोकळ्या होण्याची वाट पाहायची असते. प्रत्येक पॅकेटापूर्वीची ही प्रतीक्षा आणि नंतरची पोच यांत जाणारा वेळ पॅकेट लहान असले तरी फारसा कमी होत नाही. ११ मेगाबिटांच्या जुन्या वाय-फायवर कागदावरच्या हिशेबाने जी.७११चे साठाहून अधिक दुतर्फी कॉल बसतात. प्रत्यक्षात दहा-बारा कॉलनंतरच आवाज तुटू लागतो. नव्या पिढ्यांनी क्षमता पुष्कळ वाढवली, तरी लहरी सामायिकच राहिल्या. त्यातच २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत. फलाटावर शेकडो फोन एकत्र आले की पॅकेटे मागेपुढे पोहोचतात, काही हरवतात आणि शब्द अर्धवट ऐकू येतात.

बोलणारा चालत असेल तर आणखी एक अडचण येते. एका ॲक्सेस पॉइंटवरून, म्हणजे वाय-फाय पुरवणाऱ्या उपकरणावरून, दुसऱ्यावर जाताना पुन्हा ओळख पटवावी लागल्यास कॉल क्षणभर मुका होतो. भारतात तर पहिले लॉगिनच मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने होते. जिथे मोबाइलची रेंज नाही आणि वाय-फायची गरज सर्वाधिक, तिथेच ओटीपी पोहोचत नाही. ज्याच्या हाती दुसरे साधन नाही, त्याच्यासाठी हा अडथळा अन्यायकारक आहे.

उघड्या वाय-फायवर सांकेतिक रूप न दिलेले बोलणे जवळपासच्या कोणालाही पकडता येते. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये संदेश आणि कॉल दोन्हींसाठी एंड-टू-एंड सुरक्षा पूर्ण केली. मात्र कोण, केव्हा जोडले गेले याच्या काही खुणा नेटवर्कवर उरतातच.

भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला मर्यादित परवानगी मिळाली, पण देशातील साध्या फोनवर असा कॉल लावण्याची मुभा नव्हती. ऑक्टोबर २०१७ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने शिफारस केली, की इंटरनेट कोणाचेही असो, ग्राहकाला त्यावरून आपल्या कंपनीची फोनसेवा वापरता यावी. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने ते मान्य केले. त्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये एअरटेलने आणि जानेवारी २०२० मध्ये जिओने वाय-फायवरून नेहमीच्याच नंबरने कॉलची सोय दिली.

सार्वजनिक जाळेही याच काळात विस्तारले. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकात रेलटेल आणि गुगलची सेवा सुरू झाली. पुढे रेलटेलचे वाय-फाय हजारो स्थानकांवर पोहोचले. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदार किंवा चहावालाही परवान्याविना हॉटस्पॉट चालवू शकतो. गावाकडे रोज फोन करणाऱ्या मजुराला याचा मोठा आधार होऊ शकतो, पण केवळ हॉटस्पॉटची संख्या वाढवून तो मिळणार नाही.

उपाय उपलब्ध आहेत. २००५ मध्ये मंजूर झालेल्या ८०२.११ई मानकाने वाय-फायवर आवाजाला अग्रक्रम देण्याची सोय केली. तिचा मर्यादित भाग आज बहुतेक उपकरणांत असतो. गर्दीच्या जागी ५ गिगाहर्ट्‌झ पट्टा आणि कमी पल्ल्याचे, अधिक ॲक्सेस पॉइंट वापरल्यास वाट पाहणाऱ्यांची रांग घटते. अग्रक्रम मात्र दुकानाबाहेर जाणाऱ्या ब्रॉडबँड लाइनवरही पाळला गेला पाहिजे, अन्यथा कोंडी तिथे होते. म्हणून सार्वजनिक वाय-फायचा दर्जा ठरवताना वेगाबरोबर विलंब, त्यातील चढउतार आणि हरवलेली पॅकेटे हीसुद्धा मोजली गेली पाहिजेत.